बंदूक खाली ठेवणारे पोलीस दल

१८४३ साली सर चार्ल्स नेपियर याने सिंध प्रांत जिंकला, तेव्हा लढाईनंतरचा मुलूख ताब्यात कसा ठेवावयाचा हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. प्रत्येक तालुक्यात पलटण बसविणे कंपनी सरकारला परवडण्यासारखे नव्हते. सैन्यासारखी शिस्त असलेले, हत्यारबंद, परंतु सैन्यापेक्षा स्वस्त असे एखादे दल हवे होते. नेपियरने त्यासाठी लंडनच्या नव्या पोलिसांचा कित्ता गिरविला नाही. त्याचे बालपण आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात, सेलब्रिज या गावी गेलेले होते. आयर्लंडमध्ये इंग्रजांनी उभारलेली कॉन्स्टॅब्युलरी त्याच्या डोळ्यांसमोर होती. सिंधमध्ये त्याने तीच वठविली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी हा प्रयोग १८४७ साली पाहिला, आणि पुढे १८५३ मध्ये मुंबई इलाख्यातील जिल्हा पोलिसांची फेररचना त्याच धर्तीवर झाली. मद्रासने १८५९ मध्ये तोच मार्ग धरला, आणि १८६० च्या पोलीस आयोगाच्या शिफारशींवरून १८६१ चा पोलीस कायदा आला. अर्थात महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या ठाण्याची वंशावळ शोधू लागले, तर ती कराचीमार्गे डब्लिनपर्यंत जाऊन पोचते.

नवलाची गोष्ट अशी की, जेथून हा साचा आपल्याकडे आला त्या देशाने तो १९२२ साली मोडून टाकला, आणि तोही देशात यादवी युद्ध पेटलेले असताना. त्याने निःशस्त्र पोलीस दल उभारले, आणि आज शंभर वर्षांनंतरही त्या दलातील गणवेशधारी शिपाई सामान्यतः पिस्तूल बाळगीत नाही. हे कसे घडले, आणि त्यात काय बदलले व काय बदलावयाचे राहून गेले, हे पाहण्यासारखे आहे.

हिरव्या गणवेशातले राज्य

सर रॉबर्ट पील यांचे नाव लंडनच्या पोलिसांशी जोडले गेले आहे. त्या पोलिसांची स्थापना १८२९ सालची. परंतु पील यांचा पहिला प्रयोग त्याआधीचा, आयर्लंडमधला. तेथे मुख्य सचिव असताना त्यांनी १८१४ साली शांतता राखण्यासाठी एक फिरते दल उभारले. १८२२ मध्ये परगण्या-परगण्यांतून पोलीस नेमले गेले, आणि १८३६ साली या सर्वांना एका महानिरीक्षकाच्या हाताखाली आणून आयरिश कॉन्स्टॅब्युलरी हे एकच मध्यवर्ती दल बनले. एकाच माणसाच्या बुद्धीतून निघालेल्या या दोन कल्पनांमधील अंतर मात्र फार मोठे होते. लंडनच्या पोलिसाला निळा कोट दिला तो लाल कोटाच्या सैनिकासारखा तो दिसू नये म्हणून; आयर्लंडच्या पोलिसाला गडद हिरवा गणवेश, कवायत, बराक आणि कार्बाइन बंदूक मिळाली. इंग्रज नागरिकाला आपल्या रस्त्यात शस्त्रधारी शिपाई खपला नसता. आयरिश माणसाला काय खपते, हे त्याला कोणी विचारले नाही.

या दलाचे नियम चिकित्सेने वाचण्यासारखे आहेत. शिपायाची नेमणूक त्याच्या स्वतःच्या परगण्यात होत नसे, आणि बायकोच्या माहेरच्या परगण्यातही होत नसे. लग्न करावयाचे तर वरिष्ठांची परवानगी लागे. राहणे बराकीत. हेतू उघड होता: ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांच्यात शिपायाने मिसळू नये. तरीही हे शिपाई परके नव्हते. त्यांच्यातील चारांपैकी सुमारे तिघे कॅथॉलिक, शेतकऱ्यांचीच मुले. अधिकारी मात्र बहुतांशी प्रॉटेस्टंट, जमीनदार वर्गातून थेट भरती झालेले. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात शिपाई एका समाजाचे आणि साहेब दुसऱ्या, अशी जी मांडणी दिसते, तिचा हा जुळा नमुना होय.

या पोलिसांच्या वाट्याला केवळ चोर-दरोडेखोर नव्हते. १८४१ पासूनच्या जनगणना त्यांनी केल्या; १८४७ पासून पिकांची व गुराढोरांची आकडेवारी त्यांनीच गोळा केली. दुष्काळात धान्याच्या गाड्यांवर पहारा त्यांचा, आणि खंड थकलेल्या कुळाला घराबाहेर काढताना दाराशी उभे राहण्याचे कामही त्यांचेच. १८६७ मध्ये फेनियन क्रांतिकारकांचा उठाव या दलाने मोडला, तेव्हा राणी सरकारने खूष होऊन त्याला 'रॉयल' ही पदवी दिली. त्यामुळे दलाचा मान वाढला. तथापि हे दल कोणाचे, याविषयी शंकाही उरली नाही.

१८८० च्या सुमारास जमिनीसाठीचा लढा भडकला. मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉट याच्यावर गावाने बहिष्कार घातला, आणि त्याचे आडनाव इंग्रजी भाषेला एक क्रियापद देऊन गेले. त्याच्या शेतातले पीक काढण्यासाठी बाहेरून पन्नासेक मजूर आणावे लागले, आणि त्यांच्या रक्षणासाठी सैनिक व पोलीस यांची प्रचंड फौज उभी करावी लागली. बटाटे व टर्निप यांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पहाऱ्यावर झाला! १८८७ च्या सप्टेंबरात मिचेल्सटाऊन येथे जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे ठार झाले.

बहिष्कार उलटतो

चाळीस वर्षांनी तेच हत्यार पोलिसांवर उलटले. २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये आयरिश प्रतिनिधींची स्वतंत्र संसद प्रथम भरली, आणि त्याच दिवशी टिपरारी परगण्यातील सोलोहेडबेग येथे सुरुंगाच्या दारूची गाडी नेणाऱ्या दोन शिपायांना स्वयंसेवकांनी गोळ्या घातल्या. दोघेही आयरिश, दोघेही कॅथॉलिक. स्वातंत्र्ययुद्धाचे पहिले बळी असे स्वकीयच ठरले, ही गोष्ट आयरिश इतिहासकारांना आजही बोचते. एप्रिलमध्ये डी व्हॅलेरा यांनी संसदेत पोलिसांवर सामाजिक बहिष्काराचा ठराव मांडला. शिपायाशी कोणी बोलेना, दुकानदार माल देईना. त्या वेळी दलात सुमारे दहा हजार माणसे होती, आणि बराकी तेराशेच्या वर. १९२० च्या ईस्टरला रिकाम्या केलेल्या शेकडो बराकी एकाच वेळी जाळण्यात आल्या. राजीनाम्यांची रीघ लागली. जूनमध्ये लिस्टोवेल येथील शिपायांनी वरिष्ठांचा हुकूम मानण्यासच नकार दिला.

रिकाम्या जागा भरण्यासाठी सरकारने महायुद्धातून परतलेले ब्रिटिश सैनिक भरती केले. पुरेसे गणवेश नव्हते म्हणून त्यांना अर्धे खाकी, अर्धे गडद कपडे मिळाले, आणि त्यावरून 'ब्लॅक अँड टॅन' हे कुप्रसिद्ध नाव पडले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात फुटबॉलचा सामना पाहणाऱ्या गर्दीवर सरकारी दलांनी केलेल्या गोळीबारात चौदा जणांचे प्राण गेले. चारशेहून अधिक पोलीसही या काळात मारले गेले. डिसेंबर १९२१ च्या तहानंतर ऑगस्ट १९२२ मध्ये रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी विसर्जित झाली. तिच्यातील शेकडो लोक पॅलेस्टाइनच्या नव्या पोलीस दलात गेले; कोणी इंग्लंडला गेले; कित्येकांना आपल्याच गावी परतण्याची सोय राहिली नाही.

किल्डेअरचे बंड

नव्या सरकारने फेब्रुवारी १९२२ मध्ये सिव्हिक गार्ड या नावाने नवे दल उभारावयास घेतले. मायकेल स्टेन्स हे पहिले आयुक्त झाले. ते संसदेचेही सदस्य होते. भरतीची मुले बहुतेक स्वातंत्र्ययुद्धात लढलेली. परंतु कवायत शिकवावी कोणी, दप्तर लिहावे कसे, हे जाणणारी माणसे जुन्याच दलात होती. त्यांतील काहींनी युद्धकाळात क्रांतिकारकांना गुप्तपणे मदत केलेली होती. त्यांना वरच्या जागा देण्यात आल्या, आणि मे महिन्यात किल्डेअरच्या छावणीत शिपायांनी बंड केले. कालपर्यंत ज्यांच्यावर बंदुका रोखल्या, त्यांच्याच हुकुमाने आज सलाम ठोकावयाचा, हे त्या तरुणांच्या पचनी पडले नाही. आयुक्तांना छावणी सोडावी लागली. पुढे जूनमध्ये तहाच्या विरोधकांनी छावणीत येऊन तेथील हत्यारे नेली. पोलिसांच्या हाती दिलेली बंदूक कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही, हे नव्या सरकारला असे स्वानुभवाने कळले. (नेपियरचे सेलब्रिज याच परगण्यात आहे, इतिहासाला असे योगायोग फार आवडतात.)

चौकशीसाठी दोघांची समिती नेमली गेली. केव्हिन ओ'शील हे तिचे एक सदस्य होते. बंडखोरांना शिक्षा कोणती द्यावी, एवढ्यावर ही समिती थांबली नाही. दल मोडून नव्याने बांधावे, संसदेच्या सदस्याने पोलिसात असू नये, आणि पोलीस निःशस्त्र असावेत, असा तिचा अभिप्राय पडला. तोवर २८ जूनला यादवी युद्ध सुरू झालेले होते. अशा वेळी कोणत्याही सरकारने पोलिसांना अधिक बंदुका दिल्या असत्या. येथे उलट झाले: लढाई सैन्याने करावी, आणि पोलिसाने हात मोकळे ठेवून गावात जावे, असे ठरले. पोलिसाचे यश शस्त्रावर वा संख्येवर नसून लोकांचा सेवक म्हणून त्याला लाभणाऱ्या नैतिक अधिकारावर अवलंबून राहील, अशा आशयाचे स्टेन्स यांचे उद्गार त्या देशात आजही आठवले जातात. सप्टेंबरात ओवेन ओ'डफी हे आयुक्त झाले, आणि शिपायांच्या तुकड्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. पुढे १९२३ च्या कायद्याने दलाला 'गार्डा शीओखाना', म्हणजे शांततेचे रक्षक, हे आयरिश नाव मिळाले.

हा निर्णय कागदावर जितका उदात्त दिसतो तितकाच प्रत्यक्षात जीवघेणा होता. १४ नोव्हेंबर १९२२ रोजी हेन्री फेलन हा तरुण शिपाई मुलिनाहोन गावातील एका दुकानात गेला होता. ठाण्यातील शिपायांचा हर्लिंगचा संघ काढावयाचा होता आणि त्यासाठी काठ्या व चेंडू हवे होते. हत्यारबंद माणसे दुकानात शिरली आणि त्यांनी त्याला गोळी घातली. कर्तव्यावर मारला गेलेला नव्या दलाचा तो पहिला शिपाई. त्या हिवाळ्यात अनेक ठाणी जाळली गेली, शिपायांना मारहाण झाली, त्यांचे गणवेश उतरवून घेतले गेले. तरीही सरकारने गणवेशधारी शिपायांना बंदुका दिल्या नाहीत. याचा परिणाम हल्लेखोरांना अपेक्षित नव्हता तसा झाला. निःशस्त्र माणसावर गोळी झाडण्यात पराक्रम नाही हे गावाला दिसत होते, आणि जे ठाणे लुटून एकही बंदूक मिळावयाची नाही ते लुटण्यात अर्थही नव्हता. ज्या खेड्यात पाच वर्षांपूर्वी पोलिसाला कोणी भाकरी विकत नव्हते, तेथे नवा शिपाई गावच्या संघातून खेळू लागला.

खरी कसोटी दहा वर्षांनी लागली. १९३२ मध्ये यादवी युद्धात हरलेल्या पक्षाचे नेते डी व्हॅलेरा निवडणूक जिंकून सत्तेवर आले. ज्या दलाने त्यांच्या अनुयायांना पकडले ते दल आता त्यांच्या हाताखाली होते. पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी ओ'डफी यांना आयुक्तपदावरून दूर केले. ओ'डफी लगोलग 'ब्लू शर्ट' या फॅसिस्ट धाटणीच्या संघटनेचे पुढारी बनले, यावरून ते पद कोणत्या हाती होते याचा अंदाज येतो. डी व्हॅलेरा यांनी नेमलेले इमन ब्रॉय हे इंग्रजी अमदानीत डब्लिनच्या पोलीस कचेरीत बसून क्रांतिकारकांना कागदपत्रे पुरविणारे गृहस्थ. त्यांच्या काळात आपल्या बाजूची काही शे माणसे गुप्तचर शाखेत घुसविण्याचे कृत्यही झाले, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु दल मोडले गेले नाही, आणि ओ'डफी यांच्या मागे शिपाईही गेले नाहीत. सत्तांतर झाले, आणि पोलीस दुसऱ्या दिवशी कामावर हजर राहिले.

जे बदलले नाही

येथवरची हकीकत वाचून आयर्लंडने इंग्रजी साचा समूळ फेकून दिला असा समज होईल. वस्तुस्थिती तशी नाही. बंदूक गेली; बाकीचे पुष्कळ राहिले. नवे मुख्यालय फिनिक्स पार्कमध्ये, जुन्या कॉन्स्टॅब्युलरीच्याच वास्तूत थाटले गेले. बराकीत राहणे, स्वतःच्या परगण्यात नेमणूक नसणे हे नियम थोड्याफार फरकाने चालू राहिले. १९२६ ची जनगणनाही पोलिसांनीच घरोघर जाऊन केली. १९२५ मध्ये डब्लिन शहराचे स्वतंत्र पोलीस दल याच दलात विलीन झाले, आणि संपूर्ण राज्याला एकच पोलीस, एकच आयुक्त, तो सरकारने नेमावयाचा व सरकारने काढावयाचा, ही १८३६ ची घडी अधिकच पक्की झाली. गावातल्या शिपायाला लोकांनी आपला मानले, पण शिपायाच्या वागणुकीचा जाब मागण्याचे साधन लोकांच्या हाती काही आले नाही. सलगी आणि उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यास आयर्लंडला ऐंशी वर्षे लागली.

१९८४ साली केरी परगण्यात एका समुद्रकिनाऱ्यावर तान्ह्या मुलाचे प्रेत सापडले. पोलिसांनी एका तरुण स्त्रीला व तिच्या कुटुंबीयांना चौकशीसाठी नेले आणि त्यांच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतले. त्या स्त्रीचे स्वतःचे मृत अपत्य निराळ्याच ठिकाणी सापडले, रक्तगट जुळेना, तरी कबुलीजबाब खरे ठरविण्यासाठी अजब तर्क लढविले गेले. शेवटी आरोप मागे घेतले गेले, परंतु सरकारची औपचारिक क्षमायाचना येण्यास २०२० साल उजाडले. पिस्तुलाशिवायही माणसाला किती धाक घालता येतो, याचे हे उदाहरण. भारतीय वाचकाला येथे १८७२ चा पुरावा कायदा आठवेल. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरावयाचा नाही, असे इंग्रज सरकारने त्यात लिहून ठेवले. स्वतः घडविलेल्या पोलिसांवर त्याचा किती विश्वास होता याचीच ती पावती होती. २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ते कलम कायम आहे.

डोनेगल परगण्यातील प्रकार त्याहून गंभीर निघाला. तेथे काही पोलिसांनी स्फोटके आपणच ठेवून आपणच शोधून काढली, आणि एका मृत्यूच्या प्रकरणात एका कुटुंबाला खुनात गोवण्याचा प्रयत्न केला. २००२ मध्ये न्यायमूर्ती मॉरिस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी न्यायाधिकरणाने हे सारे उघडकीस आणले, आणि २००५ च्या कायद्याने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारा आयोग प्रथमच अस्तित्वात आला. तोवर पोलिसाविरुद्धच्या तक्रारीचा तपास प्रामुख्याने पोलीसच करीत असत. वाहतूक दंड वशिल्याने माफ केले जातात, हे दलातीलच माणसांनी उजेडात आणल्यावर मार्च २०१४ मध्ये आयुक्तांना पद सोडावे लागले. २०२४ मध्ये ही तक्रार व देखरेखीची यंत्रणा पुन्हा नव्या कायद्याने बांधण्यात आली. आज दलात सुमारे चौदा हजार पोलीस आहेत. गुप्तचर व विशेष सशस्त्र तुकड्यांकडे हत्यारे असतात. रस्त्यावरच्या शिपायाकडे नसतात.

सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये जुना साचा जसाच्या तसा राहिला होता. जून १९२२ पासून तेथे रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी हे सशस्त्र दल आले, आणि १९६९ नंतरच्या तीस वर्षांच्या रक्तपातात त्याचे तीनशेहून अधिक पोलीस मारले गेले. १९९९ मध्ये पॅटन आयोगाने अहवाल दिला तेव्हा कॅथॉलिक शेकडा चाळीसच्या वर असलेल्या त्या प्रांतात दलातील त्यांचे प्रमाण शेकडा आठच्या आसपास होते. २००१ च्या नोव्हेंबरात दलाचे नाव, बिल्ला, भरतीचे नियम सारे बदलले गेले. दक्षिणेने १९२२ मध्ये जो प्रश्न सोडविला, तो सोडविण्यास उत्तरेने एकोणऐंशी वर्षे घेतली.

भारताने मात्र १९४७ मध्ये हा साचा हलविला नाही. फाळणीच्या वणव्यात पोलीस मोडून नव्याने बांधण्याची चैन परवडणारी नव्हती, ही सबब त्या वेळी खरी होती. पुढे ती खरी राहिली नाही. १९७७ मध्ये नेमलेल्या, धरमवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. ते धूळ खात पडले. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात राज्य सुरक्षा आयोग, पोलीस प्रमुखांना किमान दोन वर्षांची मुदत, तपासाची स्वतंत्र शाखा, तक्रार प्राधिकरण असे आदेश निघाले. महाराष्ट्राने आपल्या १९५१ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्त्या केल्या. पण तो कायदा कोणी कोणास जाब द्यावा याविषयी जे सांगतो, त्यात तालुक्याच्या ठाण्यासमोर ताटकळणाऱ्या माणसाचा क्रमांक आजही बराच खाली लागतो.

आणि जुन्या दलाविषयी आयर्लंडमधला कडवटपणाही अजून निवलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये तेथील सरकारने रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या मृत शिपायांच्या स्मरणार्थ डब्लिनच्या किल्ल्यात एक समारंभ योजिला. तेही आयरिशच होते, त्यांनाही बायका-मुले होती, अशी सरकारची भूमिका होती. कॉर्कच्या महापौरांसह अनेकांनी निमंत्रण नाकारले, 'ब्लॅक अँड टॅन'चा गौरव करता काय असा सवाल देशभर उठला, आणि काही दिवसांतच समारंभ पुढे ढकलल्याची घोषणा करावी लागली.